लतामावशींकडचा सहावा डबा

१

डबा बदलला होता.

मंगळवारी संध्याकाळी सरलाताईंनी नैनाच्या पिशवीतून तो बाहेर काढला, सिंकपाशी नेला आणि त्यांचा हात थांबला. आपला डबा त्यांनी डोळे मिटूनही ओळखला असता. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी 'सरला' असं कोरलेलं होतं, कोरेगावच्या भांडेवाल्याने त्यांच्या लग्नात कोरून दिलेलं. गेल्या मे महिन्यात तो डबा त्या साताऱ्याहून न्यू जर्सीला घेऊन आल्या होत्या. हातातला डबाही स्टीलचा, त्याच आकाराचा, पण झाकण कोरं होतं.

त्यांनी झाकण उघडलं. तळाशी थोडा भात राहिला होता. पार मऊ शिजवलेला, वर वरण घालून घोटलेला, बाळाला भरवावा तसा. आणि कडेला लाल काहीतरी लागलेलं. सरलाताईंनी ते बोटाने चाखलं आणि लगेच पाणी प्यायल्या. लसणाची चटणी होती, आणि करणाऱ्याने तिखटाला हात आखडला नव्हता.

"नैना, हा कोणाचा गं डबा?"

पावणेतीन वर्षांची नात कार्पेटवर बसून मोजे काढत होती. आजीचं मराठी तिला सगळं समजे, पण उत्तर इंग्रजीतच येई. "दॅट्स कृष्णाज्," ती म्हणाली.

"कृष्णा कोण?"

"माय फ्रेंड. कृष्णा क्राइड. ही वॉन्ट्स हिज आई." दुसरा मोजा ओढून काढत तिने पुढचंही सांगून टाकलं. "देन ही वेंट डाउनस्टेअर्स."

सरलाताई खुर्चीवर बसल्या. लतामावशींच्या घरगुती पाळणाघरात दाराशी चौकटीत लावलेल्या नोंदणीच्या कागदावर मुलांचा आकडा होता पाच. आधीची चार मुलं आणि आज चाचणीपुरती गेलेली नैना, अशी पाच तिथेच भरत होती. रडणारा आणि तळघरात पाठवला जाणारा हा कृष्णा सहावा होता.

रविवारी संध्याकाळी सरलाताईंचं परतीचं विमान होतं. सोमवारी सकाळी नैनाला कुठेतरी सोडावंच लागणार होतं. आणि लतामावशींना हो की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

२

असा पेच यायला नको होता. न्यू जर्सीतल्या आयसेलिन गावच्या त्या गल्लीत बहुतेक घरांचा नेम ठरलेला असे. सहा महिने मुलाकडचे आईवडील, सहा महिने मुलीकडचे, आणि मधल्या मध्ये पोर मोठं होई. सरलाताईंचे सहा महिने संपत आले की वीणाचे, म्हणजे सुनेचे आईवडील यायचे होते. पण त्यांना व्हिसा नाकारला गेला आणि साखळीतला एक दुवाच निखळला. मग शोध सुरू झाला सांभाळणाऱ्या बाईचा.

मुलाने, रवींद्रने, ओक ट्री रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानातून एक चिठ्ठी काढून आणली होती. 'प्रेमळ आंटी, घरचं जेवण.' सरलाताई ते घर पाहून आल्या. प्रेमळ आंटींच्या दोन खोल्यांत अकरा मुलं टीव्हीपुढे ओळीने बसली होती आणि त्यातलं एक झोपेत होतं की ग्लानीत, ते समजत नव्हतं. नोंदणीचं विचारलं तर आंटी हसल्या. इथे घरगुती पाळणाघराला नोंदणी सक्तीची नाही म्हणाल्या, आणि पाच मुलांपर्यंत ते खरंही होतं. म्हणूनच ज्यांनी आपणहून ती केली, घर तपासून घेतलं, स्वतःची माहिती दिली आणि कागद दाराशी लावला, अशा लतामावशींबद्दल सरलाताईंना पहिल्या भेटीतच आदर वाटला होता. नोंदणी नसेल तर पोर ठेवायचं नाही, हा हट्ट सरलाताईंचाच होता. वीणाने तो मुकाट्याने मानला होता.

सरलाताई काही पोलिसातल्या नव्हेत. पण अठ्ठावीस वर्षं त्यांनी अंगणवाड्या तपासल्या होत्या. पदाचं नाव मुख्यसेविका, आणि तालुक्यात दरारा असा की त्यांची सावली दिसली तरी हजेरीपटांची पाचावर धारण बसे. पटावर चाळीस नावं आणि खिचडीला बावीस मुलं, हे प्रकार त्यांनी इतके पाहिले होते की त्या मुलं मोजतच नसत. मुलं काय, शेजारच्या वस्तीवरून उसनी आणता येतात. त्या सरळ मागच्या दारी जात आणि घासलेल्या ताटल्या मोजत.

त्या सवयीनेच पहिल्या भेटीत त्यांची नजर लताच्या ओट्यावर गेली होती. मुलं चार आणि गरम करायला मांडलेले डबे पाच. मुलं आपापल्या घरून डबा आणतात, हे लताने सांगितलं होतं. पाचवा कोणाचा, असं विचारल्यावर ती पटकन म्हणाली होती, "माझा."

तेव्हा सरलाताईंच्या मनात पाल चुकचुकली होती आणि त्यांनी ती झटकून टाकली होती. आता शांत घरात, फ्रिजची घरघर ऐकत बसल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. दिवसभर जी बाई स्वतःच्या स्वयंपाकघरातच असते, ती स्वतःसाठी डबा कशाला भरेल?

त्यांनी लताला फोन लावला. डबा बदलल्याचं सांगितलं आणि बोलता बोलता विचारलं, कृष्णा कोणाचा मुलगा?

पलीकडे चालू असलेला नळ बंद झाला.

"नाही हो काकू," लता म्हणाली. "कृष्णा म्हणून आपल्याकडे कोणी नाही. लहान आहे नैना, काहीतरी ऐकलं असेल." आणि तिने घाईने फोन ठेवला.

३

बुधवारी सरलाताईंनी नैनाला बाबागाडीत बसवलं आणि त्या उल्काकडे चालत गेल्या. नोव्हेंबरची थंडी होती. फुटपाथ स्वच्छ, दोन्ही बाजूंची घरं स्वच्छ आणि रस्त्यावर माणूस म्हणून नाही. सहा महिन्यांत त्या इतक्या कमी बोलल्या होत्या की कधी कधी आपला आवाज शाबूत आहे ना हे पाहायला त्या देवापुढे मोठ्याने स्तोत्र म्हणत.

उल्काचा ऋषी दोन वर्षांपासून लताकडे जात होता. तिनेच लताचं नाव सुचवलं होतं. उल्का त्या दिवशी घरून काम करत होती. एका कानाला फोन अडकवून तिने चहा केला आणि लताची तोंडभरून स्तुती केली. कृष्णाचं नाव काढल्यावर मात्र ती हसली.

"ऋषी पण सांगतो, कृष्णा आमच्यासोबत कलरिंग करतो म्हणून. मी इग्नोर करते काकू. या वयात मुलांचे असे इमॅजिनरी फ्रेंड्स असतात, मी वाचलंय."

दोन वेगळ्या मुलांचा एकच काल्पनिक मित्र कसा असेल, हे सरलाताईंनी विचारलं नाही. लता कशी वागते, दारं बंद असतात का, मुलं अंगावर वळ घेऊन येतात का, हे विचारलं. तसं काहीच नव्हतं. मग त्यांनी बाकीच्या मुलांच्या घरांची चौकशी केली. दोन बहिणी होत्या, डॉक्टर जोडप्याच्या. आणि एक कबीर, देवदत्तचा मुलगा. देवदत्तबद्दल बोलताना उल्काला वाईट वाटलं. बायको आठवडाभर दुसऱ्या गावी क्लायंटकडे असते, तो एकटा सगळं ओढतो. आधी वडील होते सोबतीला. गणपतीत मुलांना गोष्टी सांगायचे, मुलांचे भारी लाडके. गेल्या मार्चमध्ये ते भारतात परत गेले.

"तुम्ही पोचवायला गेला होता का?" सरलाताईंनी विचारलं.

"नाही ना, कोणालाच माहीत नव्हतं. अचानकच गेले. नंतर देवदत्तने सांगितलं."

त्या संध्याकाळी साडेपाचला सरलाताई नैनाला आणि तो कोरा डबा घेऊन लताच्या घरासमोर उभ्या होत्या. पालक एकेक करून आले, पुढच्या दाराची बेल वाजवून आपापली मुलं घेऊन गेले. शेवटी देवदत्तची गाडी आली. तिशीतला, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस. त्याने पुढच्या दाराकडे पाहिलंही नाही. घराला वळसा घालून तो मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाला, तसं सरलाताईंनी त्याला हाक मारून डबा पुढे केला.

त्याचा हात आपोआप पुढे आला. "हो, आमचाच," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात कबीर मागून धावत आला. त्याच्या खांद्याला निळा प्लास्टिकचा डबा होता.

"एकट्याला दोन डबे?" सरलाताईंनी सहज विचारलं.

"खातो खूप. ग्रोइंग एज ना काकू."

सरलाताई वाकल्या. "काय रे कबीर, लसणाची चटणी आवडते का तुला?"

"यक," कबीर दात काढून हसत म्हणाला. सगळे दात पांढरेशुभ्र आणि जागच्या जागी होते. "टू स्पायसी."

देवदत्तने घड्याळ पाहिलं, काहीतरी विसरलं आहे असं पुटपुटला आणि कबीरला घेऊन मागच्या दाराने आत गेला. नैनाची बाबागाडी वळवताना सरलाताईंना त्याच्या गाडीची मागची सीट दिसली. एका बाजूला कबीरची खुर्ची होती. दुसऱ्या बाजूला एक तपकिरी माकडटोपी पडली होती, आणि ती इतकी मोठी होती की कबीरच्या डोक्यावरून थेट खांद्यांवर आली असती.

४

गुरुवारी दुपारी बाराला, जेवणाच्या वेळी, सरलाताईंनी नैनाला सोबत घेऊन लताची बेल वाजवली. न कळवता जायचं आणि ताटं वाढलेली असताना जायचं, हा त्यांचा नोकरीतला नियम होता.

दार उघडायला वेळ लागला. आतून खुर्ची सरकल्याचा, पावलांचा आणि मग एक दार लागल्याचा आवाज आला. लता दारात आली तेव्हा तिला धाप लागली होती. आत ठेंगण्या टेबलाभोवती चार मुलं जेवत होती. पाचव्या खुर्चीपुढे एक उघडा डबा होता. त्याच्या झाकणावर कोरलेलं होतं, 'सरला'.

"हा माझा डबा," सरलाताई म्हणाल्या. "यात जेवतंय कोण, लता?"

"मीच. ते चुकून..."

"बस जरा. मी बोलते, चुकलं तर सांग."

आवाज त्यांनी चढवला नाही. मुलं जेवत होती. त्या म्हणाल्या की घरात असलेली बाई स्वतःसाठी डबा भरत नाही, म्हणजे तो बाहेरून येतो. भात असा घोटलेला की खाणाऱ्याला दात नसावेत, म्हणून आपल्याला आधी तान्हं मूल वाटलं. पण तान्ह्याला कोणी लसणाची चटणी वाढत नाही. दात नाहीत आणि जिभेला तिखट लागतं, असं माणूस तान्हं नसतं, म्हातारं असतं. या घरातली सगळी मुलं आईला ममी म्हणतात. कृष्णाला मात्र आईच हवी असते. आणि पहिल्या भेटीतच मी पाहिलं, तुझ्या तळघराच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी नवे कठडे बसवलेत, तेही माझ्या कमरेइतके उंच. मुलांसाठी असते तर खाली असते.

"देवदत्तचे वडील भारतात गेलेच नाहीत," सरलाताई म्हणाल्या. "रोज सकाळी मागच्या दाराने इथे येतात."

लताच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही. नैना मात्र आजीचा हात सोडून केव्हाच तळघराच्या दाराशी गेली होती आणि दोन्ही हातांनी ते थोपटत होती. "कृष्णा! कम अप!"

लताने दार उघडलं. कठडा धरून, एकेक पायरी चढत ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ वर आले. अंगात स्वच्छ पांढरा सदरा आणि त्यावर स्वेटर. गळ्याला लावलेला रुमाल कबीरने बांधला होता, गाठ चुकलेली होती. ते आपल्या ठेंगण्या खुर्चीत गुडघे उंच करून बसले आणि त्यांनी सरलाताईंकडे पाहिलं.

"बाई," त्यांनी विचारलं, "आई आली का?"

आयुष्यभर सगळ्या तालुक्याने सरलाताईंना बाईच म्हटलं होतं. या देशात सहा महिन्यांत ती हाक त्यांना पहिल्यांदा ऐकू आली.

"येईल," त्या म्हणाल्या. "आधी जेवून घे."

कृष्णाजींनी झाकण जवळ ओढलं आणि बोट ठेवत वाचलं. "स. र. ला." मग लताकडे अभिमानाने पाहिलं. या घरातल्या सगळ्या डब्यांत त्यांना वाचता येणारी अक्षरं फक्त त्याच्यावरच होती. मंगळवारी त्यांनी तो छातीशी धरला तो सोडायलाच तयार नव्हते, असं लताने सांगितलं. घाईत आणि घाबरून तिने त्यांचाच डबा नैनाच्या पिशवीत घातला होता.

५

मग लताने सगळंच सांगितलं. कृष्णाजी पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी ते नुसत्या सदऱ्यावर हमरस्त्याच्या कडेला उभे सापडले. शाळेत जायला उशीर झाला म्हणत होते. देवदत्तने त्यांना वृद्धांच्या दिवसभराच्या केंद्रात घातलं. माणसं चांगली होती, पण तिथे त्यांची भाषा एकालाही येत नव्हती. त्यांनी बोलणं सोडलं, मग जेवण सोडलं. एकदा कबीरला न्यायला येताना देवदत्तने त्यांना सोबत आणलं, तर ते मुलांच्या टेबलाशी बसून पोळी मागायला लागले. त्या दिवसापासून ते येत होते. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून देवदत्तने ते भारतात गेल्याचं सांगितलं. घरात रोज असणारं मोठं माणूस नोंदणीच्या ऑफिसला कळवावं लागतं, आणि कळवलं तर नोंदणी जाईल या भीतीने लताने त्यांना लपवलं.

"मुलांना त्यांनी कधी बोट लावलं नाही काकू. त्यांनाच मी खाली पाठवते, कोणी आलं की. तेव्हा रडतात."

"तेच माझ्या जिवाला लागलंय," सरलाताई म्हणाल्या. "आणि दुसरंही सांगते. आज तू एक आख्खा माणूस लपवलास. उद्या माझी नात इथे पडली, तिला लागलं, तर तू मला सांगशील हे मी कशावरून धरू? मी रविवारी जाणार. तिला बोलता येत नाही पुरतं. मी तिला कोणाच्या शब्दावर सोडून जाऊ?"

सरलाताईंनी दाराशी लावलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. खाली ऑफिसचा नंबर होता.

"तू लावतेस, का मी लावू?"

लताने तो नंबर दोनदा वाचला. मागे कृष्णाजींना घास भरवण्यावरून नैना आणि ऋषीचं भांडण जुंपलं होतं. शेवटी तिने फोन उचलला. तिचं इंग्रजी अडखळत होतं, पण तिने एकही गोष्ट वगळली नाही. नाव, वय, आजार, मार्चपासून. पलीकडची बाई ओरडली नाही. तिने सांगितलं की आधी फॉर्म, मग डॉक्टरांचं पत्र, मग घराची तपासणी, याला चार आठवडे तरी लागतील, आणि परवानगी मिळेपर्यंत मुलं असताना ते गृहस्थ तिथे थांबू शकत नाहीत. परवानगी मिळेलच असं ती सांगू शकत नव्हती. नोंदणीचं काय करायचं ते तपासणीनंतर ठरेल, तोपर्यंत पाळणाघर चालू ठेवायला हरकत नाही.

नोकरीत सरलाताईंनी पटावरची शेकडो खोटी नावं खोडली होती. खरं माणूस पटावर चढवण्याची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि त्याचा आनंद काही त्यांना होत नव्हता. संध्याकाळी देवदत्त आला तेव्हा त्याला त्यांनीच सांगितलं. तो त्यांच्यावर चिडला. चार आठवडे रजा कोण देणार, असं विचारलं. मग तो मागच्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. कृष्णाजींनी बाहेर येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, तुझी पण आई आली नाही का?

शुक्रवारी सरलाताईंनी रवींद्रला आणि वीणाला सगळं सांगितलं आणि लताला होकार कळवायला लावला. रवींद्रला ते पटेना. जी खोटं बोलली तिच्याकडेच का? सरलाताई म्हणाल्या, कारण तिने माझ्यासमोर खरं सांगितलं, आणि तेही स्वतःचं नुकसान होईल हे ठाऊक असताना. उद्या नैनाला काही झालं तर ती फोन करेल. ऑफिसने नोंदणी काढली तर मात्र पोर तिथे एक दिवस ठेवायचं नाही.

रविवारी दुपारी नैना झोपलेली असतानाच त्या निघाल्या. जागी असती तर पाय निघाला नसता. वीणाने वाकून नमस्कार केला. डब्याचं विचारलं, तर सरलाताई म्हणाल्या, तो कृष्णाजींकडेच राहू दे.

गाडी चालवणाऱ्या रवींद्रला रविवार असूनही सहाला ऑफिसचा कॉल होता. विमानतळावर दारापाशी बॅगा उतरवून तो तसाच परतणार, हे आधीच ठरलं होतं. सरलाताईंना साताऱ्याचं घर दिसत होतं. सहा महिन्यांची धूळ, बंद खिडक्या, एकटीचा चहा. त्या घरात आपण एखाद्या दुपारी शाळेला उशीर झाला म्हणून रस्त्यावर जाऊन उभ्या राहिलो, तर सांगणार कोण आणि कोणाला?

"रवी, एक सांगू?"

"सांग ना."

"पुढेमागे माझं तसं झालं आणि मला कोणाकडे ठेवायची वेळ आली, तर ठेव. मला राग नाही. पण पुढच्या दाराने ने. लोकांना सांग, ही माझी आई आहे."

"आई, काय हे बोलणं," रवींद्र म्हणाला. विमानतळाच्या रस्त्याला दोन फाटे फुटत होते. एक प्रवाशांना दारापाशी उतरवायचा, दुसरा पार्किंगचा. त्याने डोळे पुसले, सिग्नल दिला आणि गाडी पार्किंगच्या रांगेत घातली.